प्लॉट न लिहिता टेबलटॉप कॅम्पेन चालवायची कशी: नवीन जीएमसाठी एकेक पायरी

आमच्या कॅम्पेनच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून महिनोन्महिने चालणाऱ्या रोल-प्लेइंग गेमच्या, तिसऱ्या सेशनला पार्टीने (प्लेयर्सच्या कॅरेक्टरांच्या टोळीने) एका चोराच्या मागे जायचं होतं, म्हणजे मी, खेळ चालवणारी जीएम (गेम मास्टर), तरी तसंच धरून चालले होते. चोर बंदरातून पळाला, दीपगृहाच्या बाजूने गेला, पार्टी दीपगृहापाशी पोचली आणि तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला आमच्यातल्या एकाने विचारलं, "रोज एवढं तेल जळतं, त्याचे पैसे कोण देतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राखणदाराला नाव सुद्धा नव्हतं, तो फक्त "चोर तिकडे गेला" एवढं सांगायला तिथे उभा होता. मी जरा थांबले आणि त्या प्लेयरलाच उलट विचारलं, "तुझं कॅरेक्टर याच बंदरात वाढलंय ना, मग गावात काय बोलतात लोक याबद्दल?" तो म्हणाला, "लोक म्हणतात पैसे कोणीच देत नाही, तेल आपोआप येतं." चोराचा विषय तिथेच संपला. पुढचे चौदा महिने आम्ही त्या तेलावर खेळलो.

अशी कॅम्पेन, म्हणजे गोष्ट आधी न लिहिता प्लेयर जिकडे नेतील तिकडे जाणारी, चालवायची इच्छा खूप जणांना असते पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, आणि ज्यांना जमतं ते "सुचत जातं गं" म्हणून मोकळे होतात. सुचत जातं हे खरं आहे, पण सुचावं म्हणून आधी काही गोष्टी करून ठेवाव्या लागतात आणि सुचलेलं टिकावं म्हणून नंतर काही कराव्या लागतात, आणि ते कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख. तुम्ही निदान दोन-चार सेशन प्लेयर म्हणून खेळला असाल असं धरलंय.

आणि ही काही "अ‍ॅडव्हान्स" पद्धत वगैरे नाही, उलट हा छंद सुरूच असा झाला. १९६९ मध्ये डेव्ह वेस्लीने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा वॉरगेम (टेबलावर लढाया खेळायचा गेम) मांडला, ब्राउनस्टाइन नावाचा. फौजा गावाजवळ आल्यात, लढाई व्हायचीय, आणि त्याआधी कोणाला महापौर कर, कोणाला बँकर कर अशा भूमिका त्याने खेळाडूंना वाटल्या. झालं काय, तर लोक आपापसात कारस्थानं करत बसले आणि लढाई झालीच नाही. वेस्लीला वाटलं गेम पार फसला, पण खेळाडू परत खेळूया म्हणून त्याच्या मागे लागले. त्याच गटातल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाची कॅम्पेन चालवली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्ससोबत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम आणला. त्यामुळे प्लेयर तुमचा प्लॅन सोडून भलतीकडे गेले की घाबरू नका, ते या खेळाच्या मूळ स्वभावाप्रमाणेच वागतायत.

काय काय लागेल

- तीन ते पाच प्लेयर. सहाच्या वर गेलात तर इम्प्रोव्हाइज करताना, म्हणजे ऐन वेळी सुचेल तसं रचताना, प्रत्येकाकडे लक्ष देणं नवीन माणसाला झेपत नाही.
- एक रुलसेट, जो तुम्हाला पुस्तक न उघडता चालवता येईल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. पण पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत हलक्या सिस्टिमला, कारण ऐन वेळी शत्रू उभा करायचा तर तीन आकडे लिहिले की तो उभा राहिला पाहिजे.
- फासे. सिस्टिमप्रमाणे सात फाशांचा सेट, नाहीतर साधे सहा बाजूंचे दोन सुद्धा पुरतात.
- एक जाड वही. फोनमधल्या नोट्स नकोत, खेळताना फोन हातात घेतला की टेबलावरचं लक्ष उडतं.
- कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, एका एनपीसीला (जीएमने चालवलेल्या पात्राला) एक कार्ड.
- तीस नावांची यादी, जगाला शोभतील अशी. वापरलेल्या नावावर काट मारायची आणि बाजूला तो कोण ते लिहायचं. ही यादी नसली तर ऐन वेळी तोंडातून काहीतरी विचित्र नाव निघतं, टेबल हसतं आणि तो गंभीर एनपीसी कायमचा विनोदी होऊन बसतो.

१. सेशन झिरो टाळू नका

ही खेळ सुरू व्हायच्या आधीची बैठक, यात खेळायचं नाही, बोलायचं. कसलं जग हवंय, मारामारी किती, राजकारण किती, कोणते विषय टेबलावर अजिबात नकोत. नको असलेल्या विषयांसाठी जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड वापरा, टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कोणीही त्याला हात लावला की चाललेली गोष्ट वगळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. इम्प्रोव्हाइज्ड खेळात हे जास्त गरजेचं आहे, कारण पुढच्या मिनिटाला काय येणार हे तुम्हाला स्वतःलाच माहीत नसतं.

मग स्पष्ट सांगून टाका की मी गोष्ट लिहून आणणार नाहीये. हे वाक्य मोठ्याने बोलायचं. ज्यांना जीएमच्या मागे चालायची सवय आहे ते नाहीतर पहिले तीन सेशन "आता काय करायचं असतं" म्हणत तुमच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि तुम्हाला वाटतं त्यांना इंटरेस्टच नाही.

प्रत्येक कॅरेक्टरकडून तीन उत्तरं लिहून घ्या: याला काय हवंय, या गावात हा कोणाला ओळखतो, आणि बाकीच्यांसोबत हा का राहतो. तिसऱ्या प्रश्नावर अडून बसा. सगळे मेलेले, एकटा फिरणारा, कोणावर विश्वास न ठेवणारा असं कॅरेक्टर घेऊन कोणीतरी येतंच, त्याला नाही म्हणू नका, फक्त "मग या चौघांना सोडून का जात नाही?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका. प्लेयर-ड्रिव्हन कॅम्पेनमध्ये गाडी ओढायची ती प्लेयरने, आणि ज्या कॅरेक्टरला काही नकोच आहे ते काय ओढणार.

२. जग नको, एक गाव पुरे

नकाशा, देवांची वंशावळ, हजार वर्षांचा इतिहास, यातलं काही लिहू नका. एक वस्ती घ्या, तिच्यात तीन गट घ्या, आणि नुकतीच मोडलेली किंवा हरवलेली एक गोष्ट घ्या. प्रत्येक गटाबद्दल तीन ओळी: त्यांना काय हवंय, आड कोण येतंय, आणि कोणी मधे पडलंच नाही तर महिन्याभरात काय होईल.

आमच्याकडे होतं ते असं. व्यापारी संघाला बंदराचा कर स्वतः गोळा करायचा होता, आड येत होता बंदराचा जुना अधिकारी. कोळ्यांना रात्रीची मासेमारी परत सुरू करायची होती, आड येत होता संघाचा हुकूम. एक पडका मठ होता, तिथल्या बायका किनाऱ्याला लागलेली प्रेतं गोळा करायच्या, आणि का ते मी ठरवलं नव्हतं. हरवलेली गोष्ट म्हणजे कराची वही, चोराने पळवलेली. बस, एवढंच, एका पानाच्या आत.

मठाबद्दलचं "का" मी मुद्दाम कोरं ठेवलं होतं. अशा दोन-तीन जागा कोऱ्या ठेवाच, तिथेच प्लेयर बोट घालतात.

३. घड्याळं काढा

एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि वर लिहायचं की हे भरलं की काय होणार. २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्क या गेममुळे ही पद्धत खूप पसरली आणि माझ्या मते नवीन जीएमला याच्याइतकी मदत दुसरं काही करत नाही. "संघ बंदर ताब्यात घेतो", सहा भाग. पार्टीने दुर्लक्ष केलं, एक भाग भरला. पार्टीने संघाचं गोदाम जाळलं, भरायचा भाग थांबला, पण शेजारी नवीन घड्याळ आलं, "संघ भाडोत्री माणसं आणतो", चार भाग.

एका वेळी तीनच ठेवा, जास्त झाली की तुम्हीच विसरता. त्यातलं एक प्लेयर्सना दिसेल असं टेबलावर ठेवा. भरत चाललेलं वर्तुळ समोर दिसलं की लोक आपोआप निर्णय घ्यायला लागतात, तुम्हाला ढकलावं लागत नाही.

४. पहिलं सेशन: सराईत बसवू नका

"तुम्ही सगळे एका सराईत बसला आहात, काय करता?" अशी सुरुवात मोकळीक देणारी वाटते पण तिने लोक गोठतात. मोकळीक म्हणजे रिकामी खोली नव्हे. काहीतरी ऑलरेडी चालू असलं पाहिजे. होडी बुडतेय, माणूस दार ठोठावतोय, जमावाने तुमच्यातल्याच एकाच्या ओळखीच्याला धरलंय. मी स्वतःला एकच कसोटी लावते: हा पेच कसा सुटणार ते मला आत्ताच सांगता येतंय का? येत असेल तर मी पेच लिहिला नाहीये, सीन लिहिलाय, मग तो कागद बाजूला ठेवायचा.

५. टेबलावर: उत्तर माहीत नसताना काय करायचं

खरी भीती याचीच असते ना. तर उत्तर द्यायच्या चार तऱ्हा आहेत आणि जवळजवळ सगळं यात बसतं. "हो." "हो, पण..." "नाही, पण..." आणि "थांब, आधी मला हे सांग." नुसतं "नाही" शक्यतो टाळा, कारण त्याच्यापुढे रस्ता नसतो. पण उलटी चूकही होते बरं का, इम्प्रोव्ह म्हणजे सगळ्याला हो म्हणायचं असं समजून लोक प्रत्येक आयडिया पास करतात आणि मग कशालाच किंमत राहत नाही. प्लेयर म्हणाला राजवाड्याच्या भिंतीवरून उडी मारतो, तर "हो, पण खाली पडशील तेव्हा पायाची खात्री नाही, मारतोस?" हे बरोबर. त्याला धोका कळला पाहिजे आणि निर्णय त्याचा राहिला पाहिजे.

प्लेयरलाच उलट विचारणं ही सगळ्यात कामाची युक्ती आहे, पण तिला मर्यादा आहे आणि ती मी चुकीचं करून शिकले. दीपगृहाच्या यशानंतर मला इतका हुरूप आला की मी सगळंच विचारायला लागले, पेटीत काय आहे तूच सांग, खुनी कोण असेल तूच सांग. दोन सेशनमध्ये टेबल थंड पडलं. एका मैत्रिणीने मग नीट समजावलं, की मला शोधायचंय गं, मीच ठरवलं तर शोधायला काय उरलं. तेव्हापासून नियम असा: कॅरेक्टरला जे आधीपासून माहीत असणार ते प्लेयरला विचारायचं, म्हणजे बालपण, ओळखी, अफवा, या गल्लीत आधी काय घडलं होतं वगैरे. जे लपलेलं आहे ते माझ्याकडे. दाराआड काय आहे हे प्लेयरला कधीही विचारायचं नाही.

फासे कधी टाकायचे? यशही रंगतदार आणि अपयशही रंगतदार असेल तेव्हाच. कुलूप उघडलं नाही तर सगळा खेळ अडणार असेल तर रोल मागूच नका, उघडलं म्हणून सांगा आणि "किती वेळ लागला, आवाज किती झाला" यावर रोल घ्या. आणि टाकायच्या आधी बोलायचं, फसलं तर काय होणार ते.

मला स्वतःला २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेममधून आलेली सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज करायची पद्धत इम्प्रोव्हसाठी फार आवडते. दहा किंवा वर पूर्ण यश, सात ते नऊ किंमत मोजून यश, सहा किंवा खाली अपयश, म्हणजे जीएमची पाळी. काही बोनस (बेरजेत मिळवायचा आकडा) नसताना ३६ पैकी १५ वेळा मधला निकाल येतो, १५ वेळा अपयश आणि फक्त ६ वेळा पूर्ण यश. म्हणजे फासेच तुम्हाला सारखं "हो, पण" म्हणायला लावतात आणि गोष्ट आपली आपण वळत राहते. बोनस एकचा असला तर १०, १६, १० अशी वाटणी होते, म्हणजे मधला निकाल सगळ्यात जास्त.

अनोळखी कोणी भेटलं आणि तो कसा वागेल सुचत नसेल तर दोन फासे टाका, कमी आले तर वैर, मधले आले तर संभ्रम, जास्त आले तर मैत्री. हे १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून आहे, पण बरेच टेबल विसरलेत. आमच्या मठातली सगळ्यात मोठी बाई अशाच एका अकराच्या रोलमुळे पार्टीची मित्र झाली, मी तिला शत्रू धरून चालले होते.

ऐन वेळचा एनपीसी: नाव यादीतून, एक इच्छा, एक सवय. इच्छा सगळ्यात महत्त्वाची. आवाज काढता आला नाही तरी चालतं. ऐन वेळचा राक्षस: ओळखीच्या प्राण्याचे आकडे घ्या आणि वर्णन बदला, अस्वलाचे आकडे घेऊन चालता पुतळा केला तर कोणाला पत्ता लागत नाही.

आणि अगदीच काही सुचलं नाही तर सरळ सांगा, "हे मला अपेक्षित नव्हतं, पाच मिनिटं द्या." लोकांना याचं वाईट वाटत नाही, उलट आपण खरंच काहीतरी वेगळं केलं म्हणून खूश होतात.

६. गुपितं कागदावर ठेवा, जागेला बांधू नका

सेशनआधी मी आठ-दहा ओळी लिहिते, एका ओळीत एक गुपित. "तेलाच्या पिंपांवर कोणाचाच शिक्का नाही." "बंदराच्या अधिकाऱ्याचा मुलगा मठात आहे." कुठे कळणार, कोणाकडून कळणार, ते लिहायचं नाही. पार्टी जिथे जाईल, ज्याच्याशी बोलेल, तिथून जे शोभेल ते बाहेर काढायचं. न वापरलेली पुढच्या वेळी तपासून बघायची, बरीच फेकून द्यावी लागतात. ज्या गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे तिच्याकडे नेणारे निदान तीन धागे हवेत, एक प्लेयरना दिसत नाही, दुसऱ्याचा अर्थ ते भलताच लावतात, तिसरा लागतो.

इथे एक प्रश्न येतो आणि त्यावर माझं मत ठाम आहे. गुपित कुठेही हलवता येतं, मग राक्षस पण हलवला तर काय बिघडलं? डावीकडे गेले तरी तोच, उजवीकडे गेले तरी तोच? बिघडतं. पार्टीने विचारपूस करून, पैसे देऊन, रात्र घालवून डावा रस्ता निवडला असेल आणि तरी उजवीकडचा धोका तुम्ही समोर आणून ठेवलात तर त्यांची निवड खोटी ठरली, आणि हे त्यांना आज ना उद्या कळतंच. माहिती हलवा, परिणाम हलवू नका.

७. सेशननंतरचा अर्धा तास

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते ती पण हीच. आज तोंडातून जे निघालं ते पुढच्या आठवड्यात खरं असलं पाहिजे. चौथ्या सेशनला मी बोलता बोलता म्हणाले होते की राखणदाराला डाव्या डोळ्याने दिसत नाही. लिहिलं नाही. नवव्या सेशनला पार्टीने खूप डोकं लावून त्याच्या डाव्या बाजूने शिरायचा बेत केला आणि मी त्याला त्यांना ओळखायला लावलं. टेबलावर एकदम शांतता. मग एकाने सांगितलं, तो डोळा आंधळा आहे ना. मी माफी मागितली, तो सीन पुसला, परत खेळलो, पण त्या पाच मिनिटांत त्यांचा विश्वास हलला होता आणि तो परत बसायला बरेच सेशन गेले.

त्यामुळे लोक उठायच्या आत एक प्रश्न विचारा: "पुढच्या वेळी तुम्ही काय करणार?" स्पष्ट उत्तर घ्या, "बघू" चालणार नाही. तुमची पुढची सगळी तयारी त्या एका वाक्यावर करायचीय. मग सगळे गेल्यावर, झोपायच्या आधी, वहीत लिहा:

- नवीन नावं, आणि त्यांच्याबद्दल बोललेली प्रत्येक खूण
- कोणी कोणाला काय वचन दिलं, कोण कोणाचं देणं लागतो
- पार्टीने कोणाला खोटं सांगितलं
- आज जे झालं त्याने कोण चिडला असेल, आणि तो उद्या सकाळी काय करेल
- घड्याळं किती भरली

चौथी ओळ लिहिली की पुढच्या सेशनची निम्मी तयारी झालेली असते, खरंच.

८. नेहमी अडतं ते

बेत संपतच नाही. अर्धा तास झाला, लोक अजून नकाशावर वाद घालतायत. दार वाजवा, कोणीतरी आत येऊ दे, किंवा उघडं घड्याळ एक भाग भरा.

एकजण बोलतच नाही. त्याला "तू काय करतोस?" असं विचारू नका, अवघडतो तो. त्याच्या ओळखीच्या एनपीसीला त्याच्याकडे काम घेऊन पाठवा, मदत मागायला. उत्तर द्यावंच लागतं.

पार्टी फुटली. फुटू द्या, पण दर पाच-सात मिनिटांनी इकडून तिकडे जा, आणि जाताना प्रश्न अधांतरी ठेवून जा.

लोक ठरल्या दिवशी जमतच नाहीत. यासाठी बेन रॉबिन्सची वेस्ट मार्चेस पद्धत बघा: ठरलेला वार नाही, ठरलेली पार्टी नाही, मोठा ग्रुप असतो, कुठे जायचं ते प्लेयर आपापसात ठरवतात आणि तुम्हाला कळवतात, सेशन संपताना सगळे गावात परत. आमच्याकडे मधले दोन महिने असेच काढले, त्याशिवाय कॅम्पेन तगली नसती.

तुम्हीच थकलात. ब्रेक घ्या, मधे एखादा वनशॉट (एकाच सेशनमध्ये संपणारा खेळ) दुसऱ्या कोणाला चालवू द्या.

९. संपवायचं कसं

प्लॉट नाही म्हणून शेवट नाही असं होऊ देऊ नका, अशा बऱ्याच कॅम्पेन नुसत्या विरून जातात आणि ते फार लागतं मनाला. सगळ्यात मोठं घड्याळ भरत आलं की प्लेयर्सना सांगा, अजून चार सेशन. मग प्रत्येकाला विचारा की तुझ्या कॅरेक्टरचं काय राहिलंय. नवीन काही आणू नका, वही पहिल्या पानापासून वाचा.

मी वाचली तेव्हा सहाव्या सेशनला शिक्का नसलेली पिंपं होती, अकराव्याला कधीच धक्क्याला न लागणारं एक गलबत होतं, आणि मठातल्या बायका प्रेतं कशासाठी नेतात ते अजूनही कोरंच होतं. तिन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकींशी जोडायचा काही विचार न करता आणल्या होत्या. शेवटून दुसऱ्या सेशनला पार्टी त्या गलबतावर चढली, खालच्या मजल्यावर पिंपं रचलेली होती आणि खलाशी ओले होते, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. ज्याने पहिल्यांदा तेलाचे पैसे विचारले होते त्याला मी काही सांगायच्या आतच कळलं. त्याने फासे बाजूला ठेवले आणि म्हणाला, मी राखणदाराला आणायला परत जातो, हे त्याला मीच सांगणार.